साकवापलीकडचं घर

ता. राजापूर, जि. रत्नागिरी
१५ जानेवारी २०२६

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल संक्रांत झाली. आईने तिळाचे लाडू वळले, तुझ्या वाट्याचे सवयीने डब्यात वेगळे काढले आणि डबा हातात धरून तशीच उभी राहिली. पार्सल तुमच्या डेन्मार्कला अजून जातं, हे मी तिला सांगितलं. पण तू धाडलेला तो फोटो तिनेही पाहिला होता. तुझ्या कोपऱ्यावरची लाल टपालपेटी काढून नेलेली आणि खाली नुसती बोल्टची भोकं. खाली तू लिहिलं होतंस, "बाबा, तुमचं खातं इथून उठलं."

त्या दिवसापासून मनात हेच चाललंय. फोनवर बोलायला गेलो की हवापाण्याच्या पुढे गाडी जात नाही, म्हणून कागद घेतला.

तुमच्या डेन्मार्कची बातमी मी चार ठिकाणी वाचली. १६२४ पासून चालत आलेलं काम, आणि ३० डिसेंबरला पोस्टनॉर्डने, म्हणजे तिथल्या टपाल कंपनीने, शेवटचं पत्र वाटलं. २००० साली तिथे वर्षाला १४५ कोटी पत्रं जात, २०२४ मध्ये ११ कोटी राहिली. दीड हजार पेट्या उचलल्या. त्यातल्या हजारभर विकायला काढल्या तर काही तासांत संपल्या, एकेक दोन हजार क्रोनरपर्यंत. ज्या पेटीत कुणी पत्र टाकत नव्हतं तीच घरात आणून ठेवण्यासाठी लोकांनी एवढे पैसे मोजले. त्यांचं काहीतरी गेलंय, हे त्यांना कळलं असणार.

पण मला जास्त लागलं ते तिकिटाचं. २०२४ च्या नव्या कायद्याने टपालावरची करमाफी काढली, आणि सगळ्या देशाला पत्रं पोचवण्याचं बंधनही काढलं. साधं पत्र २९ क्रोनरला गेलं. पत्रं कमी झाली म्हणून दर वाढला, दर वाढला म्हणून पत्रं आणखी कमी झाली. या चक्रात एकदा सापडल्यावर कुठलं खातं उभं राहील? आपलं पोस्टकार्ड अजून ५० पैशांत जातं. त्यात खात्याला तोटा आहे, आम्हाला तो प्रत्येक बैठकीत ऐकवला जायचा. पण शेजारच्या वाडीला ५० पैसे आणि लडाखलाही ५० पैसेच. लांब राहणाऱ्याला लांब राहण्याचा दंड नाही. टपालाचा सगळा अर्थ मला यातच दिसत आला.

साकवापलीकडचं घर तुला आठवतं का? लहानपणी दोन-तीनदा माझ्याबरोबर आला होतास, तिथल्या आजीने तुला फणसाची साटं दिली होती. वाडी संपते, मग उतार, मग पऱ्या, आणि पलीकडे एकटं ते घर. मी १९८१ ला टपालात लागलो. तेव्हा आम्हाला ग्रामीण डाक सेवक नव्हे, ईडी, म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणत. त्या घरी महिन्याला एक मनीऑर्डर, बाकी वर्षाला चार-पाच पत्रं. आजीचा मुलगा लालबागला गिरणीत होता. पावसात साकव वाहून गेला की वरच्या अंगाने वळसा घालून जायचं, तासभर जास्त. पण ते घर आपल्या वाटपात होतं. गेलंच पाहिजे, एवढंच मला माहीत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मला नोकरीला वर्षही झालं नव्हतं. अडीच लाख कामगार बाहेर पडल्याचं आकाशवाणीवर ऐकलं, पण ते म्हणजे काय, हे मला शिमग्यानंतर कळलं. थैली हलकी व्हायला लागली. मनीऑर्डरींचं वाटप आधी दोन दिवस पुरायचं, ते एका सकाळीत उरकायला लागलं. बायका मेरेवर येऊन थांबायच्या. काही विचारायच्या नाहीत. मी लांबून येताना माझ्या हाताकडे बघायच्या, आणि हात रिकामा दिसला की आत वळायच्या. बाळा, इतक्या वर्षांत कुणाच्या मृत्यूची तार देताना मला जेवढं जड गेलं नाही, तेवढं त्या उन्हाळ्यात रिकाम्या हाताने अंगणावरून पुढे जाणं जड गेलं.

आजीकडे मात्र मी काही नसलं तरी जायचो. तिने एकदा सांगितलं होतं, "काय नसलं तरी येवन सांग. तू नाय आलास तर माजा जीव लागून ऱ्हातो." म्हणून साकव ओलांडून जायचं, पडवीत बसायचं, पाणी प्यायचं आणि सांगायचं, आज नाही. आठ महिन्यांनी चाळीस रुपयांची मनीऑर्डर आली. तिने अंगठा दिला, साक्षीला मी शेजारच्या वाडीतला मुलगा बरोबर नेला होता. पैसे तिने मोजले नाहीत. खालचं कुपन पुढे केलं, म्हणाली वाच. त्यावर दोनच ओळी होत्या, हमालीला जातोय, तब्येत बरी आहे. तिने त्या मला तीनदा वाचायला लावल्या.

आता तू पैसे पाठवतोस तर आईच्या फोनवर क्षणात टिंग वाजतं. ही वाईट गोष्ट नाही, हे मी मनापासून लिहितोय. तो संप आज झाला असता तर निदान मायलेकरं रोज बोलली असती. आणि २०१८ ला पोस्टाची पेमेंट बँक आली, तेव्हा मी स्वतः मशीन घेऊन घरोघर जायचो. म्हाताऱ्यांना अंगठ्यावर दारात पैसे मिळायला लागले, राजापूरची एसटी पकडायला नको. शेवटच्या सहा वर्षांत मला त्या कामाइतकं समाधान दुसऱ्या कशात मिळालं नाही. म्हणजे यंत्रही त्या घरापर्यंत जातं, पण कुणी घेऊन गेलं तर.

गेल्या वर्षी आपलं रजिस्टर टपालही स्पीड पोस्टात विलीन झालं. सव्वीस रुपयांत जायचं ते. आता नवे दर, लांबच्या गावाला ५० ग्रॅमपर्यंत ४७, वर नोंदणीचे पाच, कर वेगळा. 'रजिस्टर आलंय' म्हटलं की माणूस हात पुसून यायचा. कोर्टाची नोटीस, मोजणीचं पत्र, नोकरीचा कॉल. ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं आणि सही घ्यायची. (तुझ्या पहिल्या नोकरीचं पत्र ईमेलने आलं. गावातल्या कितीतरी मुलांना मी ते पाकीट दिलं, तुला देता आलं नाही. हे तुला कधी बोललो नव्हतो.)

आता पाच रुपये जादा भरले तर ओटीपी सांगितल्यावरच पाकीट देण्याची सोय आहे. चांगली सोय आहे. पण आजीची सून आता सत्तरीला आली, त्याच घरात एकटी राहते, आणि तिच्या नावाला जोडलेला नंबर नातवाचा, तो विरारला. आमच्या जागी आलेल्या मुलीने माळावर चढून रेंज पकडली, नातवाला फोन लावला, आकडे घेतले आणि मग खाली उतरून पाकीट दिलं. असं करा, असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तिला घरी बोलावून चहा पाजला.

तुमच्याकडे सरकारी पत्रं २०१४ पासून डिजिटल पेटीतच येतात, ज्यांना जमत नाही त्यांना सूट मागता येते, असं वाचलं. म्हणजे तिथेही साकवापलीकडची घरं आहेत. ती माणसं सूट मागायला जातात कशी, कोण नेतं? तू दवाखान्यांच्या नंबरांचं अ‍ॅप करतोस ना, त्यात फोन नसलेला माणूस कुठून आत येतो? तुला दोष देत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय, सविस्तर लिही. आणि अशी वाट ठेवलेली नसेल तर तुमच्या साहेबांना एकदा विचारून बघ. खर्च वाढतो म्हणतील. आम्हालाही म्हणायचे.

कलमांना यंदा मोहर बरा आहे, थंडी टिकली तर आंबा होईल. आईचा गुडघा बरा. लाडवांचं पार्सल सोमवारी राजापूरला जाऊन करतो.

हे पत्र मात्र मुद्दाम साध्या टपालाने टाकतोय. तिथे आता दाओ नावाची कंपनी पत्रं वाटते म्हणे. त्यांचा माणूस तुझ्या दारापर्यंत येतो का, पेटीत टाकून जातो, कितव्या दिवशी येतं, सगळं बघून ठेव. पाकीट टाकून देऊ नकोस. आपल्या शाखेचा शिक्का मी स्वतः उभा राहून नीट उमटवून घेतलाय, तो दिसतोय का ते सांग आणि पोच पाठव.

तुझा,
बाबा