आपण सुटलो, असे म्हणू नकोस

कोल्हापूर,
श्रावण

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून बरेच दिवस झाले. गुडघ्याची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली हे वाचून बरे वाटले, आणि वहिनींनी तुला जिन्यावर पाऊलही ठेवू दिले नाही हे वाचून अधिकच बरे वाटले. उत्तराला उशीर झाला याचे कारण असे की, पत्राच्या शेवटी तू लिहिलेल्या एका वाक्यापाशी मी अडून बसलो. युद्धे, वाढता उन्हाळा, पाण्याची ओढाताण, माणसाच्या हातचे काम काढून घेणारी यंत्रे, अशी सगळी जंत्री देऊन झाल्यावर तू लिहितोस, ‘आपले बरे आहे, आपण वेळेवर सुटलो, भोगायचे ते नातवंडे भोगतील.’ आपल्या वयाच्या माणसांत हे वाक्य आता इतके रुळले आहे की, रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी कोणी ना कोणी ते रोज उच्चारतो आणि बाकीचे माना डोलावून चहाच्या गाड्याकडे वळतात. मला ते पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहितो. तू जन्मभर बँकेत खाती तपासलीस, तेव्हा माझा हिशेबही तपासून पाहा.

जगबुडीची भीती आपल्या पिढीला नवी नाही. १९६२ च्या फेब्रुवारीत आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार म्हणून केवढा गहजब झाला होता हे तुला आठवत असेल. देशभर यज्ञयाग झाले, आपल्या गल्लीत जप चालू होते, आणि आपण पोरे मात्र शाळेला सुट्टी मिळते का याच विवंचनेत होतो. ग्रह आले आणि गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनचे सैन्य हिमालय ओलांडून आले, आणि त्याच महिन्यात क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका व रशिया अणुयुद्धाच्या तोंडाशी जाऊन पोहोचले. त्याची कुंडली मात्र कोणी मांडली नव्हती. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि त्यानंतर कित्येक रात्री माणसे अंगणात झोपली. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब डोक्यावर कोसळणार म्हणून पुन्हा हलकल्लोळ उडाला. उद्या मरायचेच आहे तर आज तांबडा-पांढरा होऊन जाऊ दे, असे म्हणून आमच्या गल्लीत आदल्या रात्री मटणाचा बेत झाल्याचे सांगतात. खरे-खोटे देव जाणे, पण गावाचा स्वभाव पाहता ते अशक्य नाही. त्या स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडले.

यावर तू लगेच म्हणशील की, मग आजची भीतीही तशीच फुसकी निघेल. तसे मी म्हणत नाही. ग्रहांवर कोणाचा हुकूम चालत नव्हता, म्हणून त्यांच्या भीतीत माणसाला हात जोडण्यापलीकडे काही करण्यासारखे नव्हते. आजची गोष्ट वेगळी आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआ येथे १९५८ मध्ये हवेतील कर्बवायूची मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता तो ४२० च्या वर गेला आहे. म्हणजे ही सगळी वाढ तू आणि मी शाळेत गेल्यापासूनची, आपल्या डोळ्यांदेखतची आहे. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक तापलेले निघाले. हे आकडे पत्रिकेतून आलेले नाहीत, धुराड्यांतून आलेले आहेत, आणि जे माणसाच्या हातून झाले त्याबद्दल माणसाला जाब विचारता येतो. सुटलो म्हणणारा तो जाब टाळतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

माणसाच्या हातून बरेही झाले आहे, हे आपण विसरत चाललो आहोत. आपल्या वर्गात देवीचे व्रण असलेले चेहरे किती होते ते आठव. आज माझ्या नातीला देवी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते, कारण भारतात १९७५ नंतर त्या रोगाचा रुग्ण राहिला नाही आणि १९८० मध्ये तो जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. हे नवसाने झाले नाही. लस टोचणारी माणसे दारोदार हिंडली, लोकांनी त्यांना हाकलले तरी पुन्हा गेली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका आणि रेशनवर मिळणारी ती लाल मिलो ज्वारी आपण पाहिली आहे. त्याच दुष्काळाच्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. अण्वस्त्रांचेच घे. १९८६ च्या सुमारास जगात ती ७० हजारांच्या आसपास होती, आज १२ हजारांच्या आसपास आहेत. १२ हजारही पृथ्वीची राख करायला पुरेत, हे मला कळते, आणि युक्रेन, गाझा पाहिल्यावर माणूस शहाणा झाला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही; पण पन्नास-साठ हजार बाँब कोणीतरी टेबलाशी बसून, कंटाळा येईपर्यंत वाटाघाटी करून मोडीत काढले, हेही तितकेच खरे आहे.

आता आपल्या पंचगंगेकडे येतो, कारण जगाचे भवितव्य मला या नदीच्या काठावरूनच दिसते. नोकरीत असताना पावसाळ्यातली माझी सकाळ राजाराम बंधाऱ्याच्या पातळीने सुरू होत असे: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. आता तो आकडा नात मला मोबाइलवर वाचून दाखवते, आणि मध्यंतरी तिने विचारले की, पाणी दर दोन-चार वर्षांनी ४३ च्या वर जाते तर लोक ४३ च्या खाली घरे बांधतातच का. या प्रश्नाचे उत्तर मला माहीत आहे, पण ते आठवीतल्या मुलीला सांगण्यासारखे नाही.

२००५ चा पूर आला तेव्हा आपण त्याला शतकातला पूर म्हणालो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, शहरात दूध मिळेना आणि पेट्रोल मिळेना. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा तितकेच चढले. २०१९ चे पाणी ओसरल्यावर मी कुंभार गल्लीत गेलो होतो. गणेशचतुर्थी तोंडावर आलेली, आणि रंगवून तयार झालेल्या मूर्ती गुडघाभर गाळात आडव्या पडलेल्या; कोणाची सोंड गेलेली, कोणाच्या पितांबराचा रंग शेजारच्या मूर्तीच्या पोटावर उतरलेला. एक म्हातारा कुंभार खराट्याची काडी घेऊन साच्यातला गाळ कोरून काढत होता. तो मला म्हणाला, ‘साहेब, पाणी येणार हे ठाऊक होतं, पण एवढं येईल असं आमच्या बापानं कधी सांगितलं नव्हतं.’

त्याचा बाप खोटे बोलला नव्हता. त्याच्या काळचा पाऊस वेगळा होता. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते, आणि मग जे पाणी पंधरा दिवसांत रिमझिमत यायचे ते दोन-तीन दिवसांत ओतले जाते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चौघींना घाटमाथ्यावरून एकाच वेळी लोंढा मिळाला की पंचगंगेने तो घेऊन जायचे कुठे? तिच्या पसरायच्या जागेवर आपण भराव टाकले, कमानी बांधल्या आणि मंगल कार्यालये उभी केली. बांधकामाला आळा घालणारी पूररेषेची निळी आणि लाल रेघ कागदावर आखली गेली खरी, पण कागद भिजला की रेघ फिसकटते.

खाली कृष्णेवर असलेल्या अलमट्टीबद्दल तू विचारले आहेस. कर्नाटकाला त्या धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ पर्यंत न्यायची आहे, आणि तसे झाले तर पाण्याच्या फुगवट्याने आमची शिरोळकडची गावे बुडतील या भीतीने इकडे मोर्चे निघतात. शासनाच्या अभ्यास समितीने २०१९ च्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नाही, पण ज्याच्या घरात पाणी शिरले त्याला समितीचा अहवाल पटवून देणे अवघड असते. उंची वाढवण्याला माझाही विरोध आहे. तरीसुद्धा दीडदोनशे किलोमीटरवरचा गुन्हेगार आपल्याला फार सोयीचा वाटतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याच्याकडे बोट दाखवताना दारातला भराव नजरेआड होतो. उसाचेही तसेच. उसाने आपल्या जिल्ह्याला सुबत्ता दिली, पोरे शिकवली, हे मी कधी नाकारणार नाही; पण शिरोळ तालुक्यात अति पाण्याने मीठ फुटून पांढरी पडलेली राने तू एकदा येऊन पाहा. पायाखाली कुरकुर वाजते, आणि हरळीसुद्धा धड उगवत नाही. आजोबांच्या काळात तिथे जोंधळा डोक्याच्या वर जात असे, असे तिथले शेतकरीच सांगतात.

माणसांच्या मनाचे काय, हे लिहायला हात धजत नाही. २०२३ च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून या शहरात दगडफेक झाली, अश्रुधूर सोडावा लागला आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. ज्या गावात १९०२ मध्ये शाहू महाराजांनी मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि वसतिगृहांत जातीजातींची, धर्माधर्मांची पोरे शिकली, त्या गावात हे घडले. पुराचे पाणी चार दिवसांत ओसरते. हे किती दिवस मुरेल ते सांगता येत नाही.

शाहू महाराजांचे नाव आलेच आहे, तर माझ्या मनातली खरी गोष्ट लिहितो. गेल्या महिन्यात मुलाने गाडीतून राधानगरीला नेले. धरण भरले होते आणि स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडले होते. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की ते विजेशिवाय, माणसाशिवाय उघडतात, आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी भोगावतीत झेपावते. मी नोकरीत ते किती वेळा पाहिले असेल, पण या खेपेला काठीवर रेलून उभा असताना मनात वर्षांचा हिशेब सुरू झाला. दुष्काळ आणि प्लेग एकामागून एक पाहिलेल्या एका तरुण राजाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फेजिवड्याजवळ हे काम हाती घेतले. पैशाअभावी ते अर्ध्यावर थांबले. १९२२ मध्ये, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, महाराज गेले. धरण पुरे व्हायला १९५० चे दशक उजाडले, तोवर संस्थानही उरले नव्हते. अर्धवट भिंतीकडे पाहून ‘आपण सुटलो’ म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो त्यांना होता. त्या ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्यावर आपले बालपण, आपली शाळा, तुझ्या मामांचा मळा आणि माझी नोकरी उभी राहिली, आणि आपण दोघांनी त्यासाठी एक घमेलेही उचललेले नाही.

आपला जन्म झाला तेव्हा या देशात माणसाचे सरासरी आयुष्य पस्तिशीच्याही आतबाहेर होते. आपण त्याच्या दुपटीहून अधिक जगलो, पेन्शन खाल्ली आणि नवे गुडघे बसवून घेतले. ही वरची वर्षे आपल्या एकट्याच्या पुण्याईची नाहीत, म्हणून ती नुसती वर्तमानपत्र वाचून हळहळण्यात घालवायला माझे मन तयार होत नाही. मोठे काही आपल्या हातून होणार नाही, हे मला कळते. मी सध्या करतो ते अगदी किरकोळ आहे: नदीकाठी नवा भराव पडला की जाऊन पाहतो, गट क्रमांक टिपून घेतो आणि रीतसर हरकत लिहून देतो. पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. काही हरकतींना उत्तर येते, बहुतेकांना येत नाही, आणि माझे अक्षर सुंदर असल्याचे एका कारकुनाने मला मनापासून सांगितले आहे.

आता तुला एक काम सांगतो. नातीच्या शाळेतली काही मुले आणि आम्ही चार-दोन म्हातारे मिळून जुन्या पेठांतल्या पूरखुणा गोळा करतो आहोत. कोणत्या वर्षी पाणी कोणत्या घराच्या कुठल्या पायरीपर्यंत आले, हे लोकांना विचारून मोजायचे आणि वर्ष घालून भिंतीवर रंगवायचे, म्हणजे पुढच्या कुंभाराला बापाच्या सांगण्यावर विसंबून राहावे लागणार नाही. शुक्रवार पेठेतल्या तुमच्या वाड्यात तुझे वडील दर पुरानंतर सोप्यातल्या खांबावर खिळ्याने रेघ ओढून शेजारी साल कोरत असत. वाडा पडला आणि तिथे अपार्टमेंट झाली, पण त्या खांबाशेजारी उभे राहून काढलेला तुझ्या मुंजीचा फोटो तुझ्याकडे नक्की असणार. तो शोध. १९८९ ची रेघ कुठे होती ते आठवून लिही, आणि सोप्याच्या पायऱ्या किती व एकेक किती इंचांची, तेही लिही. अंदाजाने काही लिहू नकोस. आठवत नसेल तर तुझ्या धाकट्या बहिणीला विचार, तिची स्मरणशक्ती आपल्या दोघांपेक्षा चांगली आहे. दिवाळीपूर्वी हे मिळाले तर रंगाचे काम थंडीत उरकता येईल.

वहिनींना नमस्कार सांग. गुडघ्याचा व्यायाम चुकवू नकोस.

तुझा,
शाळासोबती