मोटर नेमकी कुठे हवी

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ट्रेलरचे, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या खोलीचे, जॅक हाताने फिरवायचे घ्यायचे की बटणावरचे, यात एवढा विचार करण्यासारखं काय आहे? आईने फोन घेतला आणि उत्तर राहून गेलं. तुमचं आयुष्य लेथवर गेलं, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

हे कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर (डुलणं थांबवणारे) जॅक ट्रेलर उचलण्यासाठी नसतात. ट्रेलरचा भार चाकांवर आणि गाडीला जोडायच्या पुढच्या दांडीवरच्या जॅकवर असतो. आत कुणी चाललं की कमानपाटे आणि टायर दबतात आणि सगळी खोली डुलते. चार कोपऱ्यांतले जॅक चॅसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, खालून टेकू देऊन हे दबणं कमी करतात, बस्स. २४ इंची सिझर जॅकवर (कात्रीसारखा उघडणारा, स्क्रूवर चालणारा) बहुतेक वेळा ५००० पौंड, म्हणजे साधारण २२७० किलो असा आकडा असतो आणि तो वाचून लोकांना वाटतं, याच्यावरच एक बाजू उचलून घेऊ. तसं केलं की चॅसीला पीळ बसतो आणि दरवाजा चौकटीत अडकायला लागतो. मोठ्या गाड्यांवर आपोआप लेव्हल करणारे, भार उचलायलाच बनवलेले जॅक असतात, पण ती यंत्रणाच वेगळी.

म्हणून क्रम पाळावा लागतो. आधी उताराच्या बाजूच्या चाकाखाली फळ्या घालून डावं-उजवं पाणसळीत आणायचं. मग चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे, त्यानंतरच गाडीपासून दांडी सोडवायची. दांडीच्या जॅकने पुढचं-मागचं सारखं करायचं. स्टॅबिलायझर सगळ्यात शेवटी.

आता मोटरचं. बटण दाबलं की जॅकचे पाय खाली येतात, पावसात गुडघ्यावर बसावं लागत नाही. ज्याची कंबर किंवा मनगट दुखतं, किंवा जो एकटाच फिरतो, त्याने हेच घ्यावेत, मी दुसरं काही सुचवणार नाही. पण ही मोटर ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा हे सगळं त्याच बॅटरीवर असतं. शिवाय मोटर आणि वायरींचे जोड चॅसीच्या खाली, चिखलात. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते जोडांना खातं. बॅटरी उतरली तर हाताने फिरवायची सोय बहुतेक मोटरच्या जॅकला असते, पण मग हँडल घेऊन खाली वाकायचंच आहे!

हाताच्या जॅकमध्ये मला जास्त विश्वास वाटतो तो हातालाच कळतं म्हणून. पाय जमिनीला टेकला की हँडल जड होतं. त्यापुढे थोडंसंच फिरवायचं आणि थांबायचं. जमीन वरखाली असेल तर प्रत्येक कोपरा वेगळा मागतो, फरशीवर डुगडुगणाऱ्या टेबलाच्या एकाच पायाखाली कागदाची घडी लागते तसा. एकाच मोटरवर दोन पाय असतील तर असा एकेक पाय हवा तेवढाच आवळणं अवघड जातं.

आणि मेहनतीचं म्हणाल, तर सिझर जॅकच्या स्क्रूच्या टोकाला साधं षटकोनी डोकं असतं. बॅटरीच्या ड्रिल मशीनला सॉकेट लावलं की पाय झरझर खाली येतो. मशीन कमी वेगात ठेवायचं, पाय टेकायच्या आत थांबवायचं आणि शेवटचं आवळणं हातानेच. ठोके देणारं इम्पॅक्ट मशीन मी यासाठी वापरणार नाही, आट्यांची वाट लागते. आट्यांना ग्रीसऐवजी सुकं वंगण लावायचं, कारण ओल्या ग्रीसला वाळू चिकटते आणि ती आटे घासून काढते.

मोटरचे असोत वा हाताचे, स्क्रूवर चालणाऱ्या पायाला भार आटेच धरून ठेवतात, म्हणून मोटरमुळे पकड वाढत नाही. पकड वाढते ती पायाखाली जाड लाकडी ठोकळा घातल्याने: भार पसरतो, पाय मातीत रुतत नाही आणि जॅक कमी उघडावा लागतो. सिझर जॅक जितका कमी उघडेल तितका आडवा कमी हलतो. एकामागे एक असलेल्या दोन चाकांच्या मधे घट्ट बसवायचे ठोकळेही मिळतात, त्यांनी पुढे-मागे होणारी हालचाल बरीच कमी होते.

माझा कौल म्हणून असा आहे: कोपऱ्यांचे चारही जॅक हाताचे, आणि मोटर दांडीच्या जॅकला. खरं वजन उचलावं लागतं ते तिथेच, तेही दांडी सोडवताना आणि जोडताना दोन्ही वेळा. तिथलं हँडल हाताने फिरवत राहणं खांद्याला जड जातं. पैसे घालायचे तर तिथे.

आईला बसमध्ये मळमळतं, त्यामुळे तुम्ही दोघं याल तेव्हा ट्रेलर डुलून मला चालणार नाही. मागचे दोन जॅक बोल्टने बसवावेत की चॅसीला वेल्डिंग करून, हे अजून ठरलेलं नाही. चॅसीचा पत्रा पातळ आहे आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाकेल असं मला वाटतं, म्हणून मी बोल्टकडे झुकते आहे. तुमचं मत कळवा, तोवर भोकं पाडत नाही.

आईला नमस्कार.

तुमची,
लेक