घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्च उजाडला की आमच्या अमळनेर-पारोळा भागात बचत गटांच्या सत्कारांना ऊत येतो. पुष्पगुच्छ, फोटो, ‘उद्योजिका’ म्हणून टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना एकच विचारायचं आहे: या उद्योजिकेचं नाव तिच्या घराच्या उताऱ्यावर आहे का?

आमचा गट अकरा जणींचा. ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड करतो. खानदेशात बिबडे एकटीनं होतच नाहीत. ज्वारी भिजवण्यापासून खटाटोप. मग पहाटे चुलीवर घाटा घोटायला दोघी, ऊन चढायच्या आत ओल्या धोतरावर थापायला चौघी. आज तुझ्या घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, उद्या माझ्या. ही रीत सासवांच्याही सासवांपासूनची, गटानं तिला फक्त हिशोबाची वही जोडली. एकीचं बाळंतपण आलं तेव्हा तिच्या वाटणीचे बिबडे बाकीच्यांनी थापले, पैसे तिच्या घरी पोचवले.

घोडं अडलं ते यंत्र घ्यायच्या वेळी. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान आहे, पण ते कर्जाला जोडलेलं. बँकेत गेलो तर जागेचा कागद आणा, वीजबिल आणा. दहा जणींच्या घरचा उतारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. अकरावीचा तिच्या स्वतःच्या, कारण ती विधवा आहे. संमतीची सही मागितली तर एका घरी ऐकून घ्यावं लागलं, “आज सही मागतेस, उद्या वाटणी मागशील.” त्याच घरात गटाच्या कर्जातून मोटरसायकल आली तेव्हा सुनेची सही बरी चालली! हप्ते अजून तीच फेडते. म्हणते, “मन्हं नाव फक्त हप्तानी वहीमा शे.”

गावठाणातल्या घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, हे शासनाचं परिपत्रक 2003 चं आहे. आम्ही ग्रामपंचायतीत विचारलं, तर “मालकांना घेऊन या.” मालक म्हणजे नवरा, हे वेगळं सांगायला नको. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हा परिषदांनी यंदा सत्काराचा मांडव न घालता गावोगाव या नोंदींची शिबिरं घ्यावीत.

आमच्या गटातल्या चार नवऱ्यांनी अर्ज दिलेत. पाचवे तयार आहेत, आईला विचारायचं तेवढं राहिलंय म्हणतात.

— एक बचत गट सदस्य, ता. अमळनेर, जि. जळगाव