मटारच्या पिकअपवाले भाईजी, तुमच्यासाठी

भाईजी,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, आणि तुम्हाला मराठी वाचता येत नसणार. तरी लिहिते. मनालीहून स्पितीला जाणाऱ्या ग्रांफू-बातल रस्त्यावर एखाद्या मराठी माणसाची तुमची गाठ पडली आणि त्याने हे वाचून दाखवलं, तर बरंच.

छत्रूच्या पुढचा तो नाला. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळचं घोटाभर पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. आम्हाला गाडी देणाऱ्याला हे ठाऊक नसेल? "फोर बाय फोर आहे मॅडम, कुठेही जाते," एवढंच तो म्हणाला. पहाटे निघा, हे सांगायला काही पैसे पडत नव्हते. मागच्या गाड्यांतले वीर हॉर्न वाजवत होते. एक जण तर मोबाईल रोखून उभा, आम्ही कधी अडकतो याची वाट बघत. दुसऱ्याने माझ्या नवऱ्याला सुचवलं, "तुम्ही घ्या ना स्टिअरिंग." (नवऱ्याला गाडी येतच नाही, ती गोष्ट वेगळी.)

तुम्ही समोरून आलात. पिकअपभर स्पितीचा मटार, मनाली गाठायची घाई. तरी इंजिन बंद करून उतरलात, खिडकीशी येऊन विचारलंत, "गाड़ी आप ही चलाएँगी ना?"

चावी मागितली नाहीत. नवऱ्याकडे पाहिलंही नाहीत. मी हो म्हटल्यावर बूट काढून त्या बर्फाच्या पाण्यात शिरलात, पायांनी तळ चाचपलात आणि बुडालेल्या एका धोंड्यापाशी, वरच्या अंगाला उभे राहिलात. मी पार होईपर्यंत तिथेच. फोर-लो (चारही चाकांना कमी वेग, जास्त जोर), पहिला गिअर, पाण्यात क्लचला पाय नाही, मध्ये थांबणं नाही, हे सगळं मला येत होतं. हॉर्नच्या गोंगाटात ते विसरायला झालं होतं. तुमच्या त्या एका प्रश्नाने हात ताळ्यावर आले.

पुढे कुंझुम खिंडीत, ४,५०० मीटरच्याही वर, मी नवऱ्याला म्हटलं, मदत करणारे पुष्कळ भेटतात, पण बहुतेकांना आधी आपल्याला बाजूला सारायचं असतं. फोनला रेंज नसलेल्या त्या वाटेवर तुम्ही मला माझ्याच जागेवर बसू दिलंत.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. थर्मासमधला चहा पुढे केला, तर "माल धूप में है" म्हणून निघालात. आता हे आभार तरी घ्या.