तुझं नाव मी घेतलेलं नाही

वसई, २ जुलै

प्रिय जसू,

एवढं जाड पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, काठी घेऊन परसात फिरते, विहिरीपर्यंत जाते. माझं बीपी गोळीवर आहे. फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

चर्चमधल्या माझ्या दृढीकरणाच्या वर्गातली एक मुलगी, आठवीतली. नाव लिहीत नाही. कायदाही तेच सांगतो, आणि कायदा नसता तरी लिहिलं नसतं. शिबिरातून परत आल्यापासून गप्प होती. शेवटी आईला सांगितलं, आणि आई रात्री भिजत माझ्याकडे आली. कोणाबद्दल ते तुला कळलंच असेल. तुझ्या वेळचे ते नाहीत, पण तसेच, झगा घालणारे, ज्यांच्या हातून आपण कम्युनियन घेतो ते.

सकाळ व्हायच्या आत वाडीतले दोघं मोठे हजर. आधी बिशप हाऊसला कळवू, ते बघतील. धर्मग्रामाचं नाव जाईल. पोरीच्या लग्नाचं काय? जसू, तुला ही वाक्यं पाठ आहेत. तुमच्या ओट्यावर हीच माणसं बसली होती, फक्त आता केस पांढरे झालेत. तेव्हा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, नव्हता, तो १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. आता कळूनही पोलिसांना न सांगणं हाच गुन्हा आहे. साध्या माणसाला ६ महिने, संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे मी त्यांना कलमांसकट ऐकवलं, १९ आणि २१. काका उठून गेले, चहा तसाच. बिशप हाऊसच्या समितीलाही कळवलंच आहे. २०१९ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी नियमच काढला, की धर्मगुरूंना आणि सिस्टरांना असं काही कळलं तर त्यांनी वर कळवायचंच, आणि तक्रार करणाऱ्यावर गप्प बसायची सक्ती करायची नाही. आपले नवे छोटे फादर त्या नियमाला धरून स्वतः पत्र घेऊन गेले. पण ती समिती म्हणजे पोलीस ठाणं नव्हे. दोन्हीकडे जायचं, आणि पोलिसांकडे जायला कोणाची परवानगी लागत नाही.

पोलीसबाई साध्या पंजाबी ड्रेसात घरीच आल्या. वर्दीत यायचं नसतं, आणि मुलीला ठाण्यात बोलवायचं नसतं. मुलीने मी जवळ हवी म्हणून सांगितलं, म्हणून मी बसले. ती प्लॅस्टिकच्या खुर्चीचा तुटका काठ नखाने उकरत बोलत होती. मध्येच थांबली की बाईही पेन खाली ठेवायच्या. आईने दिलेल्या चहावर साय धरली, पण सगळं सांगून होईपर्यंत बाईंनी कपाला हात लावला नाही. मला वाटलं, तुझ्यासमोर अशी एक बाई बसली असती तर!

बाल कल्याण समितीने एक ताई नेमून दिल्या आहेत. दवाखाना, कोर्ट, तारीख, सगळ्याला त्या सोबत असतात, पुढे काय होणार ते मुलीला आधी समजावतात. सरकारच्या मनोधैर्य मदत योजनेचा अर्जही भरलाय. कागद चाललेत गं. माणसांचं मात्र अवघड आहे. तिच्या आईकडून मोगरा घेणाऱ्या बायका आता पलीकडच्या टोपलीकडे वळतात. मिस्साला त्यांच्या बाकावर त्या दोघीच. मी आता तिथेच बसते, गायनमंडळ सोडून. मास्तर रागावलेत, पण ते तू गेल्यापासून रागावलेलेच आहेत. वरचा सूर पकडणारं कोणी उरलं नाही म्हणतात, आणि हार्मोनियमवर तू सांडलेल्या मेणाचा डाग अजून पाहुण्यांना दाखवतात.

आणि हे कधी संपेल? मुंबईतल्या त्या तेरा वर्षांच्या मुलाचं २०१५ चं प्रकरण आठवतं? घरचे आधी चर्चमधल्या मोठ्यांकडे गेले, मग स्वतःच पोलिसांत. विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप दिली ती डिसेंबर २०२१ मध्ये. तोवर तो पोर मिसरूड फुटून बाप्या झाला. केरळात कोट्टियूरला तर मुलीच्या बापाने आधी गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला होता. त्या धर्मगुरूला २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली, पण बापाला तसं बोलावं लागलं, याचा विचार आला की मला रात्री झोप लागत नाही.

झावळ्यांच्या रविवारी पापडी नाक्यावर तू मला म्हणालीस, तू त्यांच्यात राहतेस म्हणजे त्यांचीच आहेस. मला ते आजही मान्य नाही. चर्च माझंही आहे. मी आत होते म्हणून ती आई रात्री माझं दार वाजवू शकली. तू गेलीस तेही बरोबरच होतं, तुला तिथे श्वास घेता येत नव्हता. यावर पुन्हा भांडायचं असेल तर ये, मी तयार आहे, करंज्या करून ठेवते.

आता खरं कारण. परवा भांडी घासता घासता त्या आईने विचारलं, "ताई, असं झालेलं पोर पुढे नीट जगतं का? तुम्ही पाहिलंय कोणी?" मी म्हटलं, हो, पाहिलंय. ती म्हणाली, मला एकदा बोलता येईल का तिच्याशी? तुझं नाव मी घेतलेलं नाही, गाव सांगितलेलं नाही, काहीच नाही. डोळ्यासमोर मात्र तूच होतीस, लेकाच्या मॅचला अंपायरवर ओरडणारी. ताई आहेत, समुपदेशक आहे, पण हा प्रश्न ती त्यांना विचारणार नाही.

बोलशील का? मुलीशी नाही, फक्त आईशी. तुझ्यासोबत काय झालं ते सांगायची गरज नाही. तू काय करतेस, काय खातेस, झोप लागते का, एवढंच. इकडे रात्री नऊनंतर ती मोकळी असते, तुमच्याकडे तेव्हा दुपार व्हायची असते. माझ्या फोनवरून लावू, तुझा नंबर तिला दिसणार नाही. नको असेल तर नुसतं "नको" लिही. कारण मी विचारणार नाही, आणि तिला दुसरं कोणीतरी शोधून देईन.

नव्या नोकरीचं कळलं, अभिनंदन. घर लागलं का? लेकाच्या दाताच्या तारा निघाल्या का?

तुझी,
फिली

ता. क. तुझ्या आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही.