तायडे, घाटाचं बोलणार नव्हतो

तायडे,

फोन उचलत नाहीस म्हणून हे टाइप करतोय. राग आहे तर राहू दे, पण वाच. एका बोटानं चाललंय, चुका दिसतील त्या सुधारून घे. तुझी आई झोपलीये.

रविवारी मामांसमोर तसं बोलायला नको होतं. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करून पोरगी टोस्टावर अंजीर ठेवतीय असं म्हणलो, सगळे हसले, तूही हसलीस, म्हणून मला वाटलं खपलं. मग तू ताटात अर्धी भाकरी टाकून उठलीस आणि अंधारात दोन क्रेट स्कुटीला बांधून निघालीस. साडेआठला. ‘पोचले’ हा मेसेज दहा चाळीसला आला, तोही आईच्या फोनवर. हडपसरला एवढा वेळ लागत नाही. मधे कुठं थांबलीस ते विचारत नाही. आज दिवे घाटाचं काही बोलायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

बोलायचंय ते तुझ्या त्या क्रोस्टिनीचं, भाजक्या पावावर चीज आणि अंजीर. मी केली काल. तुझ्या आईला म्हणलं आज क्रोस्टिनी करतो, तर ती म्हणाली क्रोसिन कशाला, ताप आलाय का.

पहिल्यांदा मी आपला बेकरीतला टोस्टच घेतला, चहात बुडवायचा, वेलचीवाला. मला वाटलं टोस्ट म्हणजे टोस्ट. चावला तर निम्मा तोंडात निम्मा सदऱ्यावर, आणि गोडावर परत गोड. मग तुझा तो व्हिडिओ लावला ज्यात तू सांगतेस की लांबडा पाव तिरका कापायचा, साधारण एक सेंटिमीटर जाड, त्याहून पातळ केला तर करपतो आणि जाड ठेवला तर खाणाऱ्याचा जबडा दुखतो. लांबडा पाव मी इथं कुठून आणू, वडापावचेच पाव आडवे चिरले आणि लोखंडी तव्यावर तूप सोडून मंद आचेवर दाबून दाबून भाजले, नखानं वाजवलं की खट्ट वाजेपर्यंत. चीज म्हणून चक्का. आदल्या रात्री किलोभर दही जुन्या पंच्यात बांधून खुंटीला टांगलेलं, सकाळी साडेतीनशे ग्रॅम भरला, काट्यावर मोजला मी. हात साखरेच्या डब्याकडे गेलाच होता, आवरला. मीठ आणि मिरपूड घातली फक्त.

पहिला नग गरम पावावरच लावला. चक्का पातळ झाला, पाव खालून भिजल्या पुठ्ठ्यागत मऊ. दुसऱ्या खेपेला पाव ताटलीत न ठेवता जाळीवर गार केले, कारण ताटलीत ठेवले की खालून घाम सुटतो. पार गार झाल्यावर चक्का, त्यावर अंजिराच्या दोन फोडी सालासकट, वर मधाचा एक थेंब. आता खट्टा बहार, म्हणजे थंडीतलं पीक, चालू आहे, फळ उन्हाळ्यातल्या मीठ्या बहारासारखं गोडमिट्ट नाही, त्यात आंबूसपणा आहेच, आणि मला वाटलेलं की आंबटाला आंबट लागून सगळं वाया जाणार. तर नाही. चक्क्याचा आंबटपणा जिभेच्या कडेला लागतो, अंजिराचा मागाहून येतो, आणि ते बारके दाणे भाजक्या पावाबरोबर कुरकुरतात. चाळीस वर्षं अंजीर काढतोय, अंजिराचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

तुझ्या आईनं चार खाल्ले. शब्द नाही. पाचवा उचलताना म्हणाली मीठ कमी पडलंय.

तेव्हा मला कळलं तू आधी लावून का ठेवत नाहीस. मी दोन नग झाकून ठेवले होते, तासाभरानं बघितले तर फळाला पाणी सुटून पाव गेलेला. म्हणजे वाढायच्या दहा मिनिटं आधीच लावायचं. म्हणजे फळ ताजं आणि टणक पाहिजे. अंजीर काय आंब्यासारखं आढीत घालून पिकत नाही, झाडावर पिकलं तेवढंच, आणि पिकलं की एक-दोन दिवसांत मऊ पडतं. म्हणजे त्याच दिवशी पहाटे तोडलेलं पाहिजे, म्हणजे तू साडेचारला हडपसर सोडणार आणि सहाला क्रेट घेऊन परत खाली उतरणार, डिसेंबरात, धुक्यात, रुंदीकरणाचं काम चालू असताना, डंपरच्या मागून. बघ. आलो परत तिथंच.

दुसरं बोलतो. मी हिशोब केला, मामा गेल्यावर, कॅलेंडरच्या मागे. आपल्या फळाचे किलोत २२ ते २४ नग बसतात. एका फळाच्या चार फोडी, एका पावाला दोन, म्हणजे किलोत पंचेचाळीस नग धर. तू साठ रुपये लावतेस. २७०० झाले. मला परवा बाजारात किलोला ७० मिळाले, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं गेलं. आकडा पटेना म्हणून परत केला, तोच आला. आता त्यातून तुझं चीज, पाव, मदतीच्या दोन मुली, बर्फ, गॅस सगळं जाणार हे मला कळतं, मी काय अगदीच हा नाही. पण आजोबांनी सोनोरीच्या रस्त्याकडची ती पडीक विकायची नाही म्हणून भांडून ठेवली आणि बाग लावली तेव्हा त्यांना कुणी सांगितलं असतं की नात अर्धं फळ साठ रुपयाला विकेल, तर त्यांनी आधी शिवी दिली असती आणि मग गावभर सांगत फिरले असते. मीही काल दूध घालताना डेअरीत दोघांना सांगितलं. तुला सांगू नका म्हणलं, आणि आता मीच सांगतोय.

२०१६ ला पुरंदरच्या अंजिराला जीआय, म्हणजे ते भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा तू दहावीला होतीस. मला म्हणालीस, नाना, म्हणजे आता आपलं अंजीर आडनाव लावणार. त्याच्या आधी, दुसरीत असशील, चीक लागून तुझी बोटं खाजायला लागली तर रडता रडता विचारत होतीस की अंजिराला फूल का येत नाही, आणि भाऊकाकानं फळ फोडून दाखवलं की फूल आतच असतं, उंबरासारखं. तू सगळ्या पाटीतली फळं फोडत बसलीस फुलं बघायला. मी ओरडलो, भाऊ म्हणाला फोडू दे रे. आता तू चार-चार महिने येत नाहीस तेव्हा आई म्हणते पोरगी उंबराचं फूल झाली. आणि आली की मी असं करतो.

भाऊ असता तर रविवारी तुझ्या बाजूनं भांडला असता. त्याची पाटी अजून माळ्यावर आहे. आई उतरवू देत नाही.

बरं, शनिवारच्या ऑर्डरचं. १८० नग म्हणालीस ना. चार किलोत बसतं, मी सहा देतो, दोन वर धर कारण वाहतुकीत दबतं. तळाला पानं घाल, एकावर एक थर नको, एकच थर. अ‍ॅडव्हान्स घेतलास का, निम्मा तरी घे, आणि तोंडी नको, मेसेजवर लिहून घे. लग्नाच्या गडबडीत कोण ओळख दाखवत नाही. चीज बर्फातून काढलं की घड्याळ बघ, दोन तासांच्या वर बाहेर राहिलं तर सरळ टाकून दे, कितीचं का असेना. वाढणाऱ्या मुलींना हात धुवायला लाव, केस बांधायला लाव, फ्रिज चार डिग्रीच्या वर जात नाही ना ते…

हे मी कुणाला शिकवतोय. विहिरीच्या पाण्याचा नमुना कॉलेजात नेऊन त्यात काय काय वळवळतंय ते तूच मला फोटो काढून दाखवलेलंस, आणि तेव्हापासून आम्ही उकळून पितोय. सॉरी. वाच आणि सोडून दे.

तुला खरं सांगू का, मला टोस्टाचं काही नव्हतं. तू हॉटेल काढ, गाडी लाव, लोकांच्या लग्नात ताट फिरव, मला काय. लोक काय म्हणतील हे मामाला वाटतं, मला दोन मिनिटं वाटलं आणि गेलं. मला फक्त तू ऑफिसात असतीस तर सकाळी नऊला गेली असतीस आणि उजेडात गेली असतीस असं वाटलं. ते तोंडातून निघताना असं निघालं. तुझी आई म्हणते मी भितो तेव्हा चिडतो. तिला एवढं कळतं तर रविवारीच का नाही बोलली कोण जाणे.

घाटाचं एकदाच बोलतो आणि बास. तिसऱ्या वळणावर, जिथून मस्तानी तलाव दिसतो, तिथं पहाटे रस्ता ओला असतो. पाऊस नसला तरी. तू म्हणशील मला माहितीये, सवयीचा रस्ता आहे. भाऊलाही रोजचा होता.

म्हणून शनिवारी तू येऊ नकोस. मी ठरवलंय. पहाटे मी तोडतो, आई पानं लावून देईल, उजाडलं की साडेसातला मी निघतो. पिकअप सांगून ठेवलाय, ड्रायव्हर नको म्हणलं, मीच आणणार आहे. हो, घाटानंच, बोपदेवनं उगाच लांबचा वळसा पडतो. एवढ्या वर्षांनी क्लच सापडतो का बघायला काल गावात दोन चकरा मारल्या, सापडतो. सावकाश येईन. खाली वडकीला पोचलो की फोन करतो, तेव्हा तरी उचल.

ते थाइम का काय मागवलेलंस त्याचं पार्सल चुकून इकडं आलंय, वास ओव्यासारखा येतो, तेही आणतो. चक्का पण थोडा आणू का, तुझ्या चीजशी लावून बघ. मीठ जास्त घातलंय ह्या वेळी.

आईला सांगितलंय गाडी शेजारचा पोरगा चालवणार आहे. तू काही बोलू नकोस.

नाना