लक्षणं छापता, आता पुढचंही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दरवर्षी 2 एप्रिल, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिन जवळ आला की ऑटिझमवर लेख येतात, मी ते सगळे वाचते. मूल नजर देत नाही, नावाने हाक मारली तरी वळून बघत नाही, हवं ते बोटाने दाखवत नाही, ही लक्षणं त्यात असतात आणि शेवटी 'लवकरात लवकर तज्ज्ञांना भेटा' असं म्हणून लेख संपतो. ते छापायलाच हवं, त्यामुळे कितीतरी मुलं वेळेत डॉक्टरांपर्यंत पोचतात. पण रिपोर्ट हातात पडल्यावर पुढे काय करायचं हे कोणीच लिहीत नाही, आणि ती रिकामी जागा मग यूट्यूबचे व्हिडिओ, नातेवाईकांचे सल्ले आणि गॅरंटी देणारे लोक भरून काढतात. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता बराच मोठा झालाय, आणि नुकतंच निदान झालेल्या मुलांच्या आईवडिलांशी मी गेली काही वर्षं बोलत असते, म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबलंय पण शक्य असेल तर कापू नका.

पहिले काही दिवस आईवडील एकच प्रश्न विचारत असतात, हे कशामुळे झालं. आणि हा प्रश्न बहुतेक वेळा आईवर येऊन थांबतो, तू नोकरी करत होतीस, तू मोबाईल दिलास, तू लक्ष दिलं नाहीस. 1950 आणि 60 च्या दशकात मोठमोठे डॉक्टरसुद्धा असंच म्हणायचे, की आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं. ते चुकीचं होतं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, पुस्तक लिहून हे खोडून काढलं आणि 1977 मध्ये फोल्स्टीन आणि रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं की यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. म्हणजे पन्नासएक वर्षं होत आली, तरी घराघरात आई अजून आरोपीच आहे. लसीचंही तेच, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा 1998 चा 12 मुलांवरचा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला, 2019 मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास आला त्यातही या लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सापडला नाही. त्यामुळे धाकट्याच्या लसी थांबवू नका प्लीज.

रिपोर्टवर लेव्हल 1, 2 किंवा 3 लिहिलेलं असतं आणि पालक तो आकडा मुलाच्या कपाळावर कोरल्यासारखा धरून बसतात. ही लेव्हल 2013 च्या डीएसएम-5 मधून, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन पुस्तिकेतून आली, आणि तिचा अर्थ एवढाच की आत्ता या मुलाला किती मदत लागतेय. पुढे बदलू शकते. वीस वर्षांनी मूल काय करेल हे त्यात लिहिलेलं नसतं आणि ते कोणी डॉक्टर छातीठोकपणे सांगत असेल तर त्यांनाही ते माहीत नसतं. 1943 मध्ये लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञांनी ऑटिझमचं वर्णन करताना ज्या 11 मुलांबद्दल लिहिलं त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट, लहानपणी त्याला एका संस्थेत ठेवून दिलं होतं, मग आईवडिलांनी परत घरी आणलं. तो पुढे बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायचा, गोल्फ खेळायचा, जगभर फिरला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी गेला. सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणत नाहीये, काही मुलांना आयुष्यभर खूप मदत लागते. पण पहिल्या रिपोर्टवरून यातलं काहीच कळत नाही.

तब्येतीच्या तपासण्या पटकन सांगते. कानाची नीट टेस्ट, घरी टाळ्या वाजवून केलेली नाही, ऑडिओलॉजिस्टकडची. डोळे. मूल मधेच शून्यात बघत राहत असेल, हाकेला, हात लावण्यालाही प्रतिसाद देत नसेल तर त्याचा व्हिडिओ काढून न्यूरोलॉजिस्टला दाखवा, कारण या मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण जास्त असतं. जेनेटिक टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि अचानक डोकं आपटायला लागलं, चावायला लागलं तर बिहेवियर म्हणून थेरपी वाढवण्याआधी दात, कान आणि पोट बघा, ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं असंच बाहेर पडतं. खाणं अगदी मोजकं असेल तर रक्तातलं लोहही बघून घ्या. झोपेचा त्रास असेल तर तोसुद्धा डॉक्टरांपुढे मांडा, 'ही मुलं अशीच असतात' म्हणून सोडून देऊ नका, कारण मूल झोपत नाही तेव्हा घरातलं कोणीच झोपत नाही.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. रिपोर्टनंतर सगळं घर एकाच गोष्टीच्या मागे लागतं, हा बोलणार कधी. आणि बोलेल तेव्हा बोलेल पण तोवर मुलाकडे काय आहे? त्याला तहान लागली, लाईट डोळ्यात जातेय, मिक्सरचा आवाज सहन होत नाहीये, पोटात दुखतंय, इथून जायचंय, हे सांगायला त्याच्याकडे रडणं, ओढणं आणि आपटणं सोडून काही नाही. म्हणून पहिलं काम, थेरपीच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव लागायच्याही आधीपासून करण्यासारखं, त्याला सांगण्याचं काहीतरी साधन द्या. चित्रं, फोटो, हाताच्या खुणा, टॅबलेटवरचं अ‍ॅप, त्याला जे जमेल ते. याला एएसी म्हणतात. चित्र हातात देऊन वस्तू मागायची पेक्स ही पद्धत 1985 मध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ऑटिस्टिक मुलांसाठीच तयार केली. सुरुवात साधी असते, मुलाला जे मनापासून आवडतं त्याचा फोटो, तो फोटो त्याने तुमच्या हातात दिला की ती गोष्ट लगेच मिळाली पाहिजे, आधी 'बोल, मग देते' असं अडवायचं नाही. त्याला हे कळलं पाहिजे की मी काही सांगितलं तर समोरचं माणूस ऐकतं. 'नको' आणि 'बास' ही दोन चित्रं तर पहिल्याच आठवड्यात ठेवा, मागण्याइतकंच नकार देता येणं महत्त्वाचं आहे, आणि पालक नेमकी तीच चित्रं विसरतात. आणि तुम्ही स्वतः बोलताना त्या चित्रांवर बोट ठेवत बोला, कारण जी भाषा घरात कोणीच वापरत नाही ती मूल शिकणार कसं.

इथे घरातलं प्रत्येकजण हमखास म्हणतं की चित्रांची सवय लागली तर तो बोलायचाच नाही. काही शाळांमध्येही हेच सांगतात. या भीतीवर अभ्यास झालेले आहेत, 2006 मध्ये मिलर, लाईट आणि श्लोसर यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले, त्यातल्या भक्कम पुराव्याच्या एकाही केसमध्ये एएसीमुळे बोलणं कमी झालेलं दिसलं नाही, उलट बहुतेकांचं थोडंफार वाढलं. आणि समजा नाहीच आलं बोलणं, साधारण 25 ते 30 टक्के ऑटिस्टिक मुलांना शाळेच्या वयातही फार कमी शब्द येतात किंवा येत नाहीत, तर मग त्या मुलाने तोपर्यंत गप्प बसून काय मिळवलं? ज्यांना शब्द येतात पण कार्टूनमधली वाक्यंच पुन्हा पुन्हा म्हणतात त्यांनाही 'बडबड बंद कर' म्हणू नका, त्या वाक्यात बऱ्याचदा काहीतरी सांगायचं असतं, ते वाक्य कधी येतं यावर लक्ष ठेवलं की हळूहळू कळायला लागतं.

'पाच वर्षांच्या आत काय ते करा, नंतर खिडकी बंद' हे वाक्य ऐकून मी आयांना रडताना बघितलंय. लवकर सुरुवात चांगली, त्यात वाद नाही. पण खिडकी बंदबिंद होत नाही. 2013 मध्ये चौथ्या वर्षी भाषा खूप मागे असलेल्या 535 ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास आला होता, ती मुलं तोवर आठ वर्षांची किंवा त्याहून मोठी झाली होती, त्यातली 70 टक्के शब्द जोडून बोलत होती आणि 47 टक्के तर सफाईने बोलत होती. या भीतीपोटीच लोक तीन वर्षांच्या मुलाला सकाळी ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), मग स्पीच, मग बिहेवियर, संध्याकाळी आणखी एक क्लास असं फिरवतात, मूल दमतं, आई दमते, आणि दोघांना एकमेकांबरोबर खेळायला वेळच राहत नाही.

थेरपी घ्याच. पण थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारा की पुढच्या तीन महिन्यांचं ध्येय काय, ते आम्ही घरी कसं करायचं, आणि सेशनला मी आत बसू शकते का. शेवटच्या प्रश्नाला सरळ 'नाही' आलं आणि कारणही धड मिळालं नाही तर तिथे मूल सोडू नका. रडत असताना जबरदस्तीने हात धरून काम करून घेणं, नजर मिळवायला हनुवटी पकडणं, हात हलवले की 'हात खाली' म्हणून ओरडणं, हे थेरपीच्या नावाखाली चालत असेल तर तिथून निघा. हात हलवण्याने कोणाचं काही बिघडत नाही, मुलाला त्याने शांत वाटतं. आणि आईवडिलांना शिकवण्याचा उपयोग होतो हे ब्रिटनच्या पॅक्ट अभ्यासात दिसलंय, 152 लहान मुलं होती, आईवडिलांना स्वतःचे मुलाशी खेळतानाचे व्हिडिओ दाखवून मुलाचे बारीक इशारे ओळखायला शिकवलं, 2010 मध्ये पहिले निकाल आले आणि साधारण सहा वर्षांनी परत तपासलं तेव्हाही त्या मुलांमध्ये फरक टिकून होता. त्यात महागडं मशीन नव्हतं. मुलाच्या शेजारी जमिनीवर बसायचं, तो चाक फिरवतोय तर आपणही फिरवायचं, आणि तो आपल्याकडे बघेपर्यंत थांबायचं. हे थांबणंच फार अवघड जातं आपल्याला.

आता 'मुळापासून बरा' वाल्यांबद्दल. ऑटिझम बरा करणारं औषध नाही. रिस्पेरिडोन, अ‍ॅरिपिप्राझोल ही औषधं खूप चिडचिड, आक्रमकपणा असेल तर डॉक्टर देतात, त्याने ऑटिझम जात नाही. सिक्रेटिन नावाच्या हार्मोनचा 1998 च्या सुमारास गाजावाजा झाला, चाचण्या झाल्या, उपयोग शून्य. शरीरातले 'विषारी धातू' काढायचं चिलेशन, त्यात 2005 मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा मुलगा दवाखान्यातच दगावला. ब्लीच पाजणारे लोक आहेत, हे मी खरंच सांगतेय. स्टेम सेलवाले आहेत, ऑक्सिजन चेंबरवाले आहेत. एकाच उपायाने ऑटिझम, मधुमेह आणि टक्कल सगळं बरं होतं म्हणणारा माणूस भेटला तर पाकीट खिशात ठेवा. आईवडील वेडे म्हणून तिथे जात नाहीत, त्यांना दुसरं कोणी काही सांगितलेलंच नसतं म्हणून जातात.

अजून दोन गोष्टी राहिल्यात. घरातून निसटून जाणारी मुलं बरीच असतात आणि त्यांना पाण्याची ओढ असते, तेव्हा दाराला वरची कडी, मुलाच्या अंगावर फोन नंबर आणि लवकरात लवकर पोहायला शिकवणं, हे थेरपीइतकंच निकडीचं आहे. आणि धाकटं भावंड असेल तर त्याच्यावरही लक्ष ठेवा, साधारण पाचात एका भावंडाला ऑटिझम असतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलंय. भावंड मोठं असेल तर त्याला काय चाललंय ते साध्या शब्दात सांगा, त्याला सगळं दिसत असतं.

संपादक महोदय, माझ्या दोन मागण्या आहेत. यापुढे लक्षणांचा लेख छापाल तेव्हा त्याच पानावर निदानानंतर पहिल्या महिन्यात काय करायचं याची एक चौकट द्या, आणि ती लिहिताना एखाद्या स्पीच थेरपिस्टबरोबर एखाद्या मोठ्या ऑटिस्टिक माणसालाही विचारा, कारण लहानपणी आपल्याला काय टोचत होतं हे तेच सांगू शकतात. आणि दुसरं, ऑटिझम बरा करण्याची गॅरंटी देणारी जाहिरात आली तर कृपया ती घेऊ नका, कुठल्याच पानावर नको.

आपली वाचक,
एका ऑटिस्टिक मुलाची आई